सत्काराच्या हारांचं काय?

महोदय,

गोदावरीच्या घाटावरच्या निर्माल्याची कालची बातमी वाचली, फोटोही पाहिला. पाण्यात कुजणारी फुलं पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे मरतात, हे खरंच आहे. निर्माल्य नदीत टाकू नये, यात दुमत नाही. पण बातमीभर दोष फक्त पूजा करणाऱ्यांनाच? देवघरातली ओंजळभर फुलं तुम्हाला दिसली. लग्नसराईत मंगल कार्यालयांच्या मागच्या दाराशी जे पडतं, ते कुणालाच कसं दिसत नाही?

आमच्या कॉलनीत आम्ही काही बायका निर्माल्याचं खत करतो. विटांचा हौद आहे. एक थर फुलांचा, एक वाळल्या पाल्याचा, वरून शेणाचं पाणी. झेंडू, शेवंती, बेल, सगळ्याचं काळं भुसभुशीत खत होतं. गेल्या उन्हाळ्यात जवळच्या एका मंगल कार्यालयाने रिसेप्शनच्या स्टेजचा सगळा पसारा रातोरात आमच्या हौदात आणून ओतला. सकाळी निवडायला बसलो. जरबेराच्या फुलाफुलाला प्लास्टिकची टोपी, देठाला तार, तारेवर हिरवी चिकटपट्टी. हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवलेले, मधे मधे चमकी. आणि तो फुलं खोचायचा हिरवा फोम! बोटाने दाबला की त्याचं पीठ होतं, म्हणून लोकांना वाटतं की मातीत मिसळत असेल. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेलं ते प्लास्टिकच आहे. त्याचा चुरा होतो, पण तो कुजत नाही; पावसात वाहून नाल्याला लागतो. निम्मा हौद उपसून टाकावा लागला. मालकांना विचारायला गेलो तर म्हणाले, "ताई, फुलंच तर आहेत. तुम्ही खतच करता ना?" तो राग अजून गेलेला नाही.

चौकातल्या सत्कारांचं तर विचारूच नका. क्रेनला लटकवलेला हार, जेसीबीतून फुलांची उधळण. फोटो निघाला की माणसं पांगतात आणि गायी येतात. फुलांसकट दोरा गिळतात. परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवायची असतील, तर निदान तीन कामाचे दिवस आधी नगरपालिका-महापालिकेला कळवायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा, असं 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच लिहिलेलं होतं. ते कधी कुणाला विचारलं गेलं का? आणि संपादक महाशय, त्याच क्रेनच्या हाराचे रंगीत फोटो आपल्याच अंकात चार-चार कॉलमी छापून येतात. निदान ते तरी बंद करा.

फुलं वापरूच नका, असं मी म्हणत नाही. दसऱ्याला भाव पडला की आपल्याकडचा झेंडूवाला शेतकरी माल रस्त्यावर टाकून रिकाम्या हाताने गावी जातो. त्याच्या पोटावर पाय देऊन नदी वाचवायची नाही. त्याच्या झेंडूला ना फोम लागतो, ना प्लास्टिकची टोपी. हाराला सुती दोरा पुरतो, केळीचं सोपट पुरतं. पूर्वी पुडी पळसाच्या पानात बांधून यायचीच की.

कार्यालयांनी बुकिंगच्या पावतीवरच 'फोम आणि नायलॉन चालणार नाही' असं छापावं आणि फुलांचा कचरा वेगळा ठेवावा. आणि पुढच्या मोठ्या लग्नतिथीच्या दुसऱ्या दिवशी आपला फोटोग्राफर सकाळी सातच्या आत, घंटागाडी यायच्या आधी, कुठल्याही कार्यालयाच्या मागच्या दाराशी पाठवा.

आपली,
एक नियमित वाचक, नांदेड