शेजारच्या काकूंना, दालचिनी-साखरेच्या टॉफीबद्दल आभारपत्र

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

नाताळची सुट्टी लागायच्या आदल्या रात्री साडेनऊच्या सुमारास मी हातात गरम पातेले घेऊन तुमच्या दाराशी आलो, त्याला आता पंधरा दिवस झाले. त्या रात्री सगळे उरकल्यावर घाईघाईत ‘फार आभारी आहे’ एवढेच मी बोललो होतो, आणि ते अपुरे होते ही रुखरुख मनात राहिली आहे, म्हणून हे पत्र. ते उघडपणे लिहितो आहे, कारण त्या दीड तासात तुम्ही मला जे समजावून सांगितलेत ते पाककृतीत सहसा लिहिलेले नसते, आणि ज्यांची टॉफी माझ्यासारखीच बिघडली असेल त्यांनाही ते कामी यावे असे मला मनापासून वाटते.

मुलीने वर्गातल्या बारा मैत्रिणींना घरी केलेला खाऊ द्यायचे कबूल केले होते आणि तो करून देण्याचा शब्द मी तिला दिला होता. दालचिनी-साखरेची क्रॅकर टॉफी निवडली ती सोपी म्हणून. खाऱ्या क्रॅकर बिस्किटांचा एक थर, त्यावर बटर आणि ब्राउन शुगरचा उकळता पाक, मग ओव्हनमध्ये काही मिनिटे, वरून पांढरे चॉकलेट आणि दालचिनीची साखर, आणि गार झाल्यावर मोडून तुकडे, एवढेच तिचे काम. ती सोपी आहे हे खरेच आहे आणि आज मी ते कोणालाही खात्रीने सांगेन. परंतु तिच्यात दोन-तीन जागा अशा आहेत की तिथे नजर चुकली तर सगळा घाणा वाया जातो, आणि त्या जागा मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हत्या.

पहिल्या घाण्यात मी फ्रिजमधून काढलेले बटर मोठ्या तुकड्यांतच पातेल्यात टाकले, आच मोठी ठेवली आणि दालचिनीची पूडही सुरुवातीलाच घातली. बटर उकळू लागले तरी साखर तळाशी खडखडत होती. पाहता पाहता कडेने तूप सुटले, मधोमध रवाळ गोळा राहिला, आणि दालचिनी करपून कडू झाली. दुसऱ्या घाण्यात पाक नीट जमला, पण ओव्हनमध्ये तो खदखदताना पाहून जळेल या भीतीने मी चार मिनिटांतच ट्रे बाहेर काढला. गार झाल्यावरही तो मोडेना. वाकला, ताणला गेला, दाताला चिकटला. तिसऱ्या घाण्याला बटर पुन्हा सुटले, तेव्हा घरात बिस्किटांचा शेवटचा पुडा उरला होता आणि मुलगी ओट्याशी काही न बोलता उभी होती. तेच पातेले घेऊन मी तुमच्याकडे आलो.

तुम्ही पातेल्यात एकदा डोकावलात, कपभर गरम पाणी घेतलेत आणि माझ्या मागोमाग आमच्या स्वयंपाकघरात आलात. पातेले मंद आचेवर ठेवायला लावलेत, त्यात एक मोठा चमचा गरम पाणी घालायला सांगितलेत आणि म्हणालात, “सावकाश ढवळत राहा. थांबू नकोस, पण घुसळूही नकोस.” पहिल्या चमच्याने काहीच झाले नाही; तुपाचा पिवळा थर चमच्याभोवती नुसता घसरत राहिला. दुसऱ्या चमच्यानंतर साखरेचा गोळा कडेने सैल होऊ लागला. तिसरा चमचा घालून मिनिटभर ढवळल्यावर तो पिवळा थर एकाएकी पाकात शिरला आणि पातेल्यातला सगळा ऐवज एकजीव, दाट आणि चकचकीत दिसू लागला. जे मी टाकून द्यायला निघालो होतो ते असे डोळ्यांदेखत सावरले गेले, आणि मुलीने इतक्या वेळानंतर पहिल्यांदा तोंड उघडून विचारले, “पाण्याने कसे झाले?”

तिला तुम्ही दिलेले उत्तर मी नंतर लिहून ठेवले. बटर म्हणजे नुसते तूप नव्हे. त्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, १६ ते १८ टक्के पाणी असते आणि थोडा दुधाचा अंश असतो. ते पाणी साखर विरघळवते, आणि दुधातली प्रथिने तुपाचे बारीक थेंब पाकात धरून ठेवतात. आच मोठी असली की साखर पुरती विरघळायच्या आतच पाणी उडून जाते, थेंब एकमेकांना मिळतात आणि तूप वेगळे होते. गेलेले पाणी थोडेसे परत दिले की साखर पुन्हा विरघळते आणि तूप धरायला पाकाला अंग येते. ते गरमच हवे, कारण गार पाण्याने पाक जागच्या जागी थिजला असता आणि अंगावर उडालाही असता. बटर लहान तुकडे करून, फ्रिजची थंडी गेल्यावर, मंद आचेवर साखरेसोबतच वितळवायचे, हे तुम्ही तेव्हाच बजावलेत. त्यानंतर माझे बटर एकदाही सुटलेले नाही.

माझ्या दुसऱ्या घाण्याचे उत्तरही याच पाण्यात होते. साधे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण साखरेच्या पाकातले पाणी जसजसे उडून जाते तसतसे पाकाचे उकळण्याचे तापमान चढत जाते. १२० अंशांच्या आसपास पाक गोळीबंद होतो, म्हणजे गार पाण्यात टाकलेल्या थेंबाची बोटांत दाबता येणारी गोळी होते. १५० अंशांच्या आसपास मात्र तोच थेंब पाण्यात पडताच काचेसारखा कडक होतो आणि कट्‌कन मोडतो. माझा ट्रे बाहेर आला तेव्हा पाक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकलेला होता. घरात साखरेचा थर्मामीटर नाही म्हणून मी खट्टू झालो, तेव्हा तुम्ही मला बुडबुड्यांकडे पाहायला सांगितलेत. सुरुवातीला ते बारीक, फेसाळ असतात आणि घाईघाईने फुटतात. पाणी कमी झाले की ते मोठे, संथ आणि जाड सालीचे होतात, आणि त्यांचा आवाजही बदलतो. मी तो आवाज ऐकला. सळसळ थांबली आणि सावकाश, जड असे ‘पट्, पट्’ सुरू झाले. इतकी वर्षे स्वयंपाकघरात ये-जा करूनही असे कान देऊन मी कधी काही ऐकले नव्हते.

पुढचे काम भराभर झाले. प्रमाण माझ्याकडच्या पाककृतीतलेच होते: २२५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम ब्राउन शुगर आणि साधारण २५ बाय ३८ सेंटिमीटरचा उभ्या काठाचा ट्रे, ज्यात ३५ ते ४० चौकोनी बिस्किटे मावतात. पांढऱ्या साखरेऐवजी ब्राउन शुगर का, तर तिच्यातल्या काकवीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते आणि त्यामुळे पाकात पुन्हा साखरेचे खडे धरायला अडथळा येतो. ट्रेमध्ये बटर पेपर अंथरून बिस्किटे कडेला कड लावून रचायची आणि उरलेल्या फटींत मोडके तुकडे बसवायचे. पाक पूर्ण उकळू लागल्यावर तीन मिनिटे उकळू द्यायचा, लगेच ओतायचा आणि पसरायचा. ओतताना बिस्किटे तरंगून वर येतात, ती चमच्याने हलकेच खाली दाबावी लागतात. मग १८० अंशांवर ८ ते १० मिनिटे, सगळ्या ट्रेभर संथ बुडबुडे येईपर्यंत आणि रंग गडद मधासारखा होईपर्यंत. ओतण्याआधी तुम्ही मुलीला दोन पावले मागे उभे केलेत, तेही इथे नोंदवतो. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून भाजत राहतो. म्हणून ज्यांच्या घरात लहान मुले असतील त्यांनी ही काळजी घ्यावीच, आणि चटका बसलाच तर ती जागा लगेच वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरावी.

ट्रे ओव्हनमध्ये असताना तुम्ही एक कोरे बिस्किट उचलून दिव्यासमोर धरलेत आणि मुलीला त्याची भोके दाखवलीत. बिस्किट भाजताना आतली वाफ निघून जावी आणि ते फुगून पोकळ होऊ नये म्हणून ती पाडलेली असतात. आपल्या टॉफीत त्यांचा वेगळाच उपयोग होतो, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी तुकडा उलटा केल्यावर दिसले: पाक त्या भोकांतून खाली उतरून तळाशी तपकिरी ठिपक्यांची रांग उमटली होती. मुलीने ती मोजली. बिस्किट खारेच का हवे, हेही चव घेतल्यावरच कळते. बटर, साखर आणि पांढरे चॉकलेट हे तिन्ही गोडाच्या बाजूचे. मिठाशिवाय दुसरा तुकडा खाववत नाही.

दालचिनीबाबत मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण या टॉफीचे नाव तिच्यावर आहे आणि मी सर्वांत मोठी चूक तिथेच केली होती. तुम्ही तुमच्या घरून दोन काड्या आणल्यात. एक श्रीलंकेची, कागदासारख्या पातळ सालींच्या अनेक घड्या एकात एक गुंडाळलेली, बोटांत सहज चुरडणारी. दुसरी कॅसिया, एकाच जाड सालीची, दोन्ही कडांनी आत वळलेली, मोडायला जड. दोन्ही हुंगायला लावल्यात. पहिलीचा वास सौम्य आणि गोडसर, दुसरीचा थेट नाकात जाणारा. नाजूक पदार्थाला पहिली चांगली, पण पांढऱ्या चॉकलेटचा गोडवा कापायला दुसरीच हवी, असे तुमचे मत पडले, आणि दोन्ही करून पाहिल्यावर माझेही तेच झाले आहे.

दालचिनी दोन वेळा घालायची. अर्धा चहाचा चमचा पाकात, पण पातेले आचेवरून उतरवल्यानंतर, कारण उकळत्या तुपात ती जितका वेळ राहील तितकी कडवट होते. उरलेली साखरेत मिसळून, चार भाग साखरेला एक भाग दालचिनी या हिशेबाने, अगदी शेवटी वरून. ट्रे बाहेर काढल्यावर दोन मिनिटे थांबायचे, बुडबुडे निवले की पांढऱ्या चॉकलेटचे तुकडे पसरायचे आणि पाच मिनिटे त्यांना हात लावायचा नाही. चॉकलेटमधला स्निग्धांश, म्हणजे कोको बटर, आपल्या अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळते, त्यामुळे तुकडे आकार धरून असले तरी आतून मऊ झालेले असतात आणि चमच्याच्या पाठीने सहज पसरतात. बुडबुडे निवायच्या आतच चॉकलेट घालायची घाई केली तर त्यातला दुधाचा अंश करपतो. मग चॉकलेट ओले आणि चकाकते असेपर्यंतच दालचिनीची साखर भुरभुरायची. चॉकलेट आळल्यावर घातलेली साखर झटकली की गळून जाते. ओल्यावर पडलेली धरून राहते, पण विरघळत नाही, कारण साखर स्निग्धात विरघळतच नाही. म्हणून दाताखाली आधी तो रवाळपणा येतो आणि मग टॉफीचा कडकपणा. ही साखर तुम्ही मुलीला घालायला दिलीत. तिने हात फार खाली धरला तेव्हा एका जागी ढीग पडला. तुम्ही तिचे मनगट धरून वीतभर उंच केलेत, आणि पुढची साखर सगळ्या ट्रेवर सारखी पडली.

काकू, त्या दीड तासात मुलीचे मनगट धरलेत तेवढे सोडले तर टॉफी करण्याच्या कामाला तुम्ही स्वतः हात लावला नाहीत. पाक सुटला होता तेव्हाही चमचा माझ्या हातून घेतला नाहीत. तुम्ही स्वतः ढवळले असते तर काम निम्म्या वेळात झाले असते, हे मला तेव्हाही कळत होते, आणि रात्र झाली होती, तुमचे आवरायचे राहिले होते. तरी तुम्ही ओट्याला टेकून उभ्या राहिलात आणि माझ्या हातून होऊ दिलेत. अकरा वाजता ट्रे गार व्हायला ठेवला तेव्हा मुलीने ‘बाबांनी केली’ असे म्हटले, आणि ते खरे होते. या गोष्टीबद्दल मी तुमचा ऋणी आहे. सकाळी तिने ट्रे दोन्ही हातांनी उचलून बटर पेपरसकट वाकवला, तो कडाडून मोडला, आणि बाराच्या बारा पुड्या भरल्या.

परवा मी ही टॉफी पुन्हा केली, या वेळी एकट्याने. त्यातलीच डबाभर या पत्रासोबत पाठवत आहे. थरांमध्ये बटर पेपर घातला आहे आणि झाकण घट्ट लावले आहे, कारण ही टॉफी हवेतला ओलावा ओढून चिकट होते. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच तिच्यावर दव धरते. आठवडाभर कुरकुरीत राहील. कडेचे तुकडे मुद्दाम वर ठेवले आहेत. त्या रात्री चव पाहायला तुमचा हात ट्रेच्या कडेकडेच गेला होता, हे मुलीच्या लक्षात राहिले आहे.

तुमचा नम्र,
शेजारच्या घरातला