उजवा हात

प्रिय सोनू,

काल फोनवर दोघांचाही आवाज चढला आणि तू "रेंडर लावायचंय" म्हणून फोन ठेवलास. म्हणून लिहितोय. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील. हाताबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

तुझ्या ॲनिमेशन फिल्मची तू पाठवलेली क्लिप कितीदा पाहिली असेल! नुसती राखाडी आकृती, अंगावर कपडे नाहीत, चेहऱ्याला डोळे नाहीत, तरी आजोबा लगेच ओळखू आले. डावा पाय टेकताना कंबर किंचित खचते, उजवा खांदा वर येतो आणि टाच उचलण्याआधी जमिनीला जराशी घासते. लहान असताना तू त्यांच्यामागून अगदी तशीच चालायचीस. आई रागवायची. आजोबा मात्र मुद्दाम सावकाश चालायचे, तुला नीट बघता यावं म्हणून. परवा आईने क्लिप पाहिली आणि काही न बोलता उठून आत गेली. तुला माहीत आहेच तिचं.

शरीराचं वजन दाखवणं सगळ्यात अवघड, असं तुमचे सर म्हणतात ना? ते तुला साधलंय. मला त्या कलेतलं फारसं कळत नाही, पण माझे वडील कसे चालायचे हे मला कळतं.

हिशेबही कळतो. ३ मिनिटांची फिल्म, सेकंदाला २४ चित्रं, म्हणजे ४,३२० फ्रेम. एक फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे कॉम्प्युटरवर तिचं पक्कं चित्र तयार व्हायला, १० मिनिटं लागतात असं तूच सांगितलंस. झाले ७२० तास. एका मशीनवर अखंड ३० दिवस, तेही मधे काही बिघडलं नाही तर. बाकीच्यांनी ३० सेकंदांचं काम घेतलंय आणि तू एकटी सहापट घेऊन बसली आहेस. फिल्म छोटी कर असं मी म्हणत नाही. पण तो नदीचा शॉट बघ. पाणी खऱ्यासारखं वाहतं करायच्या त्या सिम्युलेशनमध्ये तुझे किती दिवस गेले! आजोबा काठावर उभे आहेत आणि पाण्याचा आवाज येतोय, एवढ्यानेही नदी कळेल की. आणि रेंडर सुट्ट्या चित्रांचं कर, सबंध व्हिडिओचं नको. मशीन मधेच बंद पडली तर बिघडलेली फ्रेम तेवढी पुन्हा करायची. हे तुलाच जास्त माहीत असणार. भाषण झालं, रागावू नकोस.

पण सोनू, व्हिडिओ कॉलवर तू उजवा हात सगळा वेळ टेबलाखाली ठेवला होतास. कपही डाव्या हाताने उचललास. रात्री अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होतात हे तू दादाला सांगितलंस, मला नाही. मावशीचंही नेमकं त्याच बोटांपासून सुरू झालं होतं. तीही म्हणायची, टायपिंगचं काम आहे, एवढं चालायचंच. पुढचं तू पाहिलं आहेस.

तुझ्याच क्षेत्रातली गोष्ट सांगतो. १९९९ साली आलेल्या 'टॉय स्टोरी २' या ॲनिमेशन सिनेमाची कथा प्रदर्शनाला जेमतेम नऊ महिने उरले असताना नव्याने बांधली गेली. सगळे रात्रंदिवस राबले. काम संपेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश लोकांना हाता-मनगटाची दुखणी जडली होती. तो बनवणाऱ्या पिक्सार कंपनीचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी स्वतः हे लिहिलंय, आणि अभिमानाने नव्हे. त्याच सिनेमाच्या फायली त्याआधी एकदा चुकून पुसल्या गेल्या होत्या. टीममधल्या एक बाई बाळंतपणामुळे घरून काम करत होत्या, त्यांच्या कॉम्प्युटरवर कॉपी होती म्हणून निभावलं. हाताच्या बाबतीत तशी काही सोय नाही गं.

मनगट मुडपून पेन चालवू नकोस. चित्रं काढायचा टॅब्लेट कोपराच्या उंचीवर ठेव, लांब रेघ खांद्यातून ओढ. थोड्या थोड्या वेळाने उठत जा. आणि डॉक्टरांना दाखव, याच आठवड्यात. प्रोजेक्ट संपल्यावर नको. संपल्यावर तू पुढचा घेशील, मी तुला ओळखतो.

बघ, लिहायचं नाही म्हणता म्हणता अर्धं पत्र हातावरच गेलं. तू घाबरून काम सोडावंस असं अजिबात वाटत नाही मला. आजोबांना शेवटपर्यंत चालताना बघायचंय. आईलाही बघायचंय, ती बोलली नाही तरी.

दादाचा कॉम्प्युटर रात्रभर रिकामाच असतो. काही शॉट तिकडे रेंडरला लावता येतील असं तो म्हणतो. पण सॉफ्टवेअरचं व्हर्जन वेगळं असलं तर चित्रात फरक पडू शकतो म्हणे. तेव्हा कुठलं टाकायचं ते कळव, आणि डॉक्टरांकडे कधी जाणार तेही त्याच मेसेजमध्ये लिही. डाव्या हाताने लिही.

तुझा,
बाबा