'असंच काहीतरी खरडतो' म्हणणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. लेख स्वीकारला गेला ही बातमी तू तिसऱ्या पानावर, तीही कंसात दिली आहेस. आधीची दोन पानं खर्ची पडली आहेत संपादकांनी मागितलेल्या दोन ओळींच्या परिचयावर. दोन हजार शब्दांच्या लेखात कुठे अडला नाहीस आणि दोन ओळींत गाडी रुतली! तर आधी परिचयाचं बघू, बाकीचं मागाहून.

तुझा मसुदा असा आहे: "लिहिण्याची थोडीफार आवड. वेळ मिळेल तसं काहीबाही खरडत असतो. नवोदित. चूकभूल द्यावी घ्यावी." अरे, हा परिचय आहे की माफीनामा? वाचकाने लेख उघडलेलाही नाही आणि तू आधीच कान पकडून उभा. चूकभूल द्यावी घ्यावी हे हिशेबाच्या कागदाखाली ठीक, लेखाखाली नाही.

परिचयात तीन गोष्टी पुरतात. काय लिहितोस, सध्या कशावर काम चालू आहे आणि सांगावंसं वाटलं तर पोटापाण्याचा उद्योग. पंधरा ते तीस शब्द. तृतीय पुरुषात आणि आदरार्थी, कारण तसं छापायची पद्धत आहे. त्यात मिरवणं काही नाही. उदाहरणार्थ: "ललित लेख आणि कथा लिहितात. लोप पावत चाललेल्या हस्तव्यवसायांवरच्या लेखमालेचं काम सुरू आहे. व्यवसायाने हिशेबनीस." यात गौरवाचं विशेषण नाही आणि भविष्यकाळही नाही. करारावर सही झाल्याशिवाय "लवकरच कादंबरी येत आहे" लिहू नये, कारण तो परिचय छापून राहतो आणि कादंबरी राहून जाते. नसलेल्या गोष्टीही मोजून दाखवू नयेत. "अद्याप पुस्तक प्रसिद्ध नाही" ही माहिती कुणी मागितलेली नसते. आणि "नवोदित" हा शब्द दुसऱ्याने तुझ्याबद्दल वापरला तर त्याची मर्जी, तू स्वतःला लावू नकोस. त्याची मुदत कधी संपते ते कुणी सांगत नाही, आणि माणसं पन्नाशीतही नवोदित राहतात.

आता मूळ दुखणं. तू लिहितोस, "लेखक म्हणवून घ्यायची आपली लायकी नाही." इथे दोन शब्दांचा घोटाळा झालाय. 'साहित्यिक' ही लोकांनी द्यायची पदवी आहे, तिच्याबरोबर शाल येते. ती आपणहून पांघरली तर हसं होतं, हे खरंच. 'लेखक' तसा शब्द नाही. वाचक, गायक, चालक, शिक्षक यांच्याच घडणीचा तो आहे: लिख् धातूला 'अक' लागला की लिहिणारा. स्वतःला वाचक म्हणताना तू कधी कुणाची परवानगी मागितलीस? गंमत म्हणजे लिख् या धातूचा मुळातला अर्थ ओरखडणं, कोरणं. म्हणजे तू नम्रपणे "खरडतो" म्हणतोस तेव्हा अजाणता तेच म्हणत असतोस.

छापून येण्याची अट लावायची, तर बहिणाबाई चौधरींचं काय करायचं? त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि कवितासंग्रह निघाला 1952 मध्ये. मग काय त्या मृत्यूनंतर वर्षभराने कवी झाल्या? कविता तयार होत्या, एवढंच त्या शब्दाला लागतं. कायद्याची नजरही अशीच आहे. लेखनहक्काच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत लेखनाचा हक्क मिळायला नोंदणी लागत नाही, पुस्तक लागत नाही, कुणाची शिफारस लागत नाही. मजकूर तयार झाला की तो ज्याने लिहिला त्याचा. कायदा त्याला लेखकच म्हणतो, होतकरू लेखक म्हणत नाही.

पण उलटी बाजूही सांगतो, नाहीतर हे नुसतं पाठ थोपटणं होईल. मनात कादंबरी घोळवणारा माणूस लेखक नव्हे. दोन वर्षांत ओळ लिहिलेली नसेल, तर "लिहीत होतो" म्हणावं. माझा मापदंड सरळ आहे: तीन मजकूर शेवटापर्यंत पूर्ण झालेले असावेत, त्यातला एक तरी पुनर्लेखनात मुळापासून बदललेला असावा आणि एक अनोळखी माणसाच्या हातात गेलेला असावा. पूर्ण करता येतं, स्वतःचं खोडता येतं आणि सोडून देता येतं, या तीन गोष्टींचा तो पुरावा. तुझ्याकडे तिन्ही आहेत. ज्याच्याकडे अजून नाहीत त्याने नाम सोडावं, क्रियापद वापरावं: "मी लिहितो." त्याआधी 'थोडंफार' नको आणि नंतर हसणंही नको.

तू म्हणतोस, पुस्तक आलं की आत्मविश्वास येईल. याची खात्री धरू नकोस. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यात शिक्षणात, व्यवसायात उत्तम यश मिळवलेल्या स्त्रिया होत्या, तरी आपण लोकांना फसवतोय ही त्यांची भावना जात नव्हती. पदव्या आणि शाबासक्या समोर असूनही. आपल्याकडे त्याला तोतयेपण म्हणता येईल. यश आलं की असं मन म्हणतं, नशीब होतं, किंवा समोरच्याला कळलं नाही. म्हणून बाहेरून येणाऱ्या पुराव्यावर भिस्त ठेवू नये. बरं, तोतया म्हणजे दुसऱ्याच्या नावावर वावरणारा. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, तो असा. स्वतःच्या नावाने स्वतःचा मजकूर लिहिणारा तोतया कसा होईल?

मग भिस्त कशावर? वहीवर. एक साधी वही कर, त्यात चार रकाने: तारीख, काय लिहिलं, किती शब्द, किती वेळ. मनःस्थितीचा रकाना मुद्दाम ठेवू नकोस, नाहीतर वहीची रोजनिशी होते आणि रोजनिशीत माणूस रडत बसतो. पुनर्लेखनाच्या दिवशी शब्दांच्या जागी मिनिटं लिही. तो दिवस शब्द घटण्याचा असतो आणि वजा आकडा बघून उगाच वाईट वाटतं. रोज 300 शब्द, आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे 48 आठवडे: 72,000 शब्द होतात, एका बेताच्या कादंबरीएवढे. अँथनी ट्रोलप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यातली नोकरी सांभाळून पहाटे घड्याळ समोर ठेवून लिहायचा, पाव तासाला 250 शब्द. तो वेग आपल्याला नको. मोजण्याची सवय तेवढी घे. "मी खरंच लेखक आहे का" हा प्रश्न रात्री अकराला पडतो आणि त्या वेळी मन धड उत्तर देत नाही. गेल्या महिन्यातल्या सतरा नोंदी देतात.

आत्मविश्वासाची सगळ्यात मोठी गळती मात्र अर्धवट मजकुरांतून होते. तुझ्याकडे किती आहेत? नऊ-दहा असतील. प्रत्येक अर्धवट लेख सांगत असतो की याला शेवट गाठता येत नाही. अडतो कुठे, तर साधारण दोन तृतीयांशावर: सुरुवातीचा उत्साह ओसरलेला आणि शेवट दिसत नाही. त्याच सुमारास नवी कल्पना सुचते आणि ती फार देखणी वाटते. ती वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेव आणि हातातलं संपव, वाईट शेवट करून का होईना. वाईट शेवट सुधारता येतो, नसलेला कसा सुधारणार? काही महिने फक्त 800 ते 1000 शब्दांचेच लेख घे, एकाला चार आठवडे. पहिल्यात कच्चा खर्डा. शब्द अडला तर फुली मारून पुढे जायचं, शुद्धलेखन बघायचं नाही. दुसऱ्यात तो नजरेआड. तिसऱ्यात पुनर्लेखन: आधी परिच्छेदांचा क्रम, मग वाक्यं, शब्द सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने केलंस तर घासूनपुसून लख्ख केलेलं वाक्य नंतर परिच्छेदासकट उडवावं लागतं, आणि जिवावर येतं म्हणून ते ठेवलं जातं. चौथ्या आठवड्यात मोठ्याने वाचायचं, हजार शब्दांना दहा मिनिटं धर. जीभ जिथे अडखळते तिथे पेन्सिलीची खूण, आणि मग पाठवायचं.

वाक्य सुधारणं म्हणजे काय, ते तुझ्याच मागच्या कथेतलं घेऊन दाखवतो. "त्याच्या मनात एक प्रकारची अनामिक हुरहूर दाटून आल्यासारखं त्याला वाटत होतं." 'एक प्रकारची' काढ, प्रकार कोणता ते तू सांगितलेलंच नाहीस. 'अनामिक' काढ, पुढच्याच शब्दात तिला नाव दिलं आहेस. 'आल्यासारखं वाटत होतं' म्हणजे आली की नाही? उरलं: "त्याला हुरहूर लागली होती." आता कथेत तो काय करतोय ते बघ: पत्राची वाट बघतोय. मग "तो तिसऱ्यांदा दारापर्यंत जाऊन आला" एवढंच लिही आणि हुरहूर वाचकावर सोड. लक्षात आलं का, 'एक प्रकारची', 'सारखं', 'वाटत होतं' ही परिचयातल्या 'थोडीफार'ची सख्खी भावंडं आहेत. तिकडून हाकलली की इकडून शिरतात.

शुद्धलेखनाची भीती तू दोनदा लिहिली आहेस. ती लायकीशी जोडू नकोस, ती सुटण्यासारखी गोष्ट आहे. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे 14 आणि 1972 चे 4, असे सगळे मिळून 18 नियम आहेत. तुझ्या चुका त्यातल्या दोन-तीन नियमांतच फिरतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पण समासात पहिलं पद म्हणून आले की कविसंमेलन, गुरुदक्षिणा. मूल, फूल यांना प्रत्यय लागला की मुलाला, फुलाला. पण सूत्र, गीत हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणून सूत्राला, गीताला. स्वतःच्या नेहमीच्या वीस चुकांचा कागद करून समोर चिकटव आणि पाठवण्याआधी त्या कागदाबरहुकूम एकदा तपास. एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. उरलेलं मुद्रितशोधक बघतात.

वाचायला देताना "कसं वाटलं?" विचारू नकोस. "छान" हे एकच उत्तर येतं आणि त्यावर तुझा विश्वासही बसत नाही. दोन-तीन जणांना दे, घरच्यांना शक्यतो नको, आणि विचार: कुठे थांबलात? कोणता परिच्छेद दोनदा वाचावा लागला? कुठे चाळून पुढे गेलात? दोघांनी स्वतंत्रपणे एकाच जागी बोट ठेवलं, तर तिथे काहीतरी बिघडलंय. उपाय मात्र त्यांचा घेऊ नकोस. दुखतंय कुठे ते वाचकाला बरोबर कळतं, औषध बहुतेक वेळा चुकतं.

पाठवलेल्या साहित्याची नोंद वेगळी: शीर्षक, शब्दसंख्या, कुठे, कधी, उत्तर, पुढे कुठे. हा शेवटचा रकाना पाठवायच्या दिवशीच भरून ठेवायचा. मग 'साभार परत' आलं की ठरवत बसावं लागत नाही, आठवड्याच्या आत मजकूर पुढे रवाना होतो. जागा नसते, विषय नुकताच येऊन गेलेला असतो, अंकाचा सूर वेगळा असतो. परत येण्याची कारणं पुष्कळ, आणि ती कळवायला संपादकांना सवड नसते. एकच लेख एका वेळी दोघांना पाठवू नकोस. तीन महिन्यांत काही कळलं नाही, तर दोन ओळींचं स्मरणपत्र, आणि त्यात "आपला बहुमूल्य वेळ" वगैरे नको. स्वीकारला तर मानधन, प्रती आणि पुनर्मुद्रणाचा हक्क यांबद्दल विचार. या वेळी तू विचारलंच नाहीस ना? स्वतःला लेखक न मानण्याचा खरा तोटा इथे होतो.

राहिला तोंडी प्रश्न. कुणी विचारलं, "काय करता?", तर "हिशेबनीस आहे आणि लेखक आहे." मध्ये 'आणि'च, 'पण' नको. पुढचे प्रश्न ठरलेले. "काय लिहिता?" याला एका वाक्यात उत्तर, कथानक सांगायचं नाही. "कुठे छापून आलंय?" याला जिथे आलंय तिथलं नाव, नसेल तर "अजून नाही, पाठवतोय." "त्यात पैसे मिळतात का?" "थोडे." झालं. ही चार उत्तरं घरात दहा-बारा वेळा मोठ्याने म्हणून बघ. सुरुवातीला वाक्य संपल्यावर कसनुसं हसू येईल आणि काहीतरी जोडावंसं वाटेल. पूर्णविरामाला थांबायचं, एवढंच शिकायचं आहे.

अंक हातात आला की तुला छापलेल्या लेखात फक्त चुका दिसतील, सगळ्यांनाच दिसतात. दोन दिवस उघडू नकोस. मग बघ, आणि वीस चुकांच्या कागदावर एकविसावी लिही.

संपादकांना परिचय परवापर्यंत हवा आहे म्हणालास. वरच्या नमुन्यात विषय तुझा तू घाल आणि उद्याच पाठव. एक प्रत मला. 'थोडीफार' सापडलं तर लाल शाईने खोडून परत येईल.

तुझा,
जुना मित्र