अमरिलिसचे कांदे वाचवणाऱ्या अक्कांना

आदरणीय अक्का,
सप्रेम नमस्कार.

माझ्या कुंडीतल्या अमरिलिस या फुलझाडाच्या पानांवर तांबडे डाग पडले, तेव्हा त्याचे कांदे ठेवायचे की टाकायचे, एवढंच विचारायला मी तुमच्याकडं आले होते. तुम्ही दिलंत ते त्याहून फार मोठं होतं, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानते आहे. बेळगावच्या टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत कितीतरी अंगणांत अमरिलिसच्या कुंड्या आहेत आणि पावसाळ्यात बऱ्याच जणांच्या पानांवर असेच तांबडे डाग येतात.

‘व्हायरस आहे, फेकून द्या’ हेच मला जो तो सांगत होता. एका दुकानदारानं तर पान न बघताच औषधाची बाटली पुढं केली. तुम्ही आधी पान उजेडाकडं धरलंत. मग एका निरोगी पानावर नखानं ओरखडा काढलात आणि म्हणालात, “उद्या बघ, इथंबी तांबडं होतंय.” तसंच झालं. हे झाड कुठंही दुखावलं की तांबडं पडतं, पण तो डाग जागचा हलत नाही. रोगाचा डाग पानाच्या लांबीनं पसरतो, मधे खोल बसतो आणि पान तिथंच वाकतं. कोळी ही बारीक कीड लागली तरी कांद्याच्या मानेजवळ तांबड्या रेघा उमटतात, म्हणून तुम्ही भिंग घेऊन मानेतले पापुद्रे उलगडून पाहिलेत. कोळी सापडला नाही, तेव्हाच स्टॅगोनोस्पोरा बुरशीचं नाव घेतलंत. युरोपात थंडी सरताना फुलणारा स्नोड्रॉप याच कुळातला, त्यालाही हीच बुरशी छळते, हे मला तुमच्याकडून कळलं.

पुढचं काम तुम्ही माझ्याच हातानं करून घेतलंत. कांदे उपटून धुतले. बुडाशी अंगठा दाबला; टणक लागले ते एका बाजूला, मऊ लागले ते दुसऱ्या. मऊ कांद्यांचं बूडच तपकिरी होऊन सडलेलं, आंबूस वास येणारं. ते वाचणार नाहीत, हे तुम्ही सरळ सांगितलंत. ते निपाणीहून आईनं आणलेल्यांपैकी होते, मला वाईट वाटलं, तरी तुमचा तो स्पष्टपणा मला फार मोलाचा वाटतो. बाकीच्यांचे डागाळलेले पापुद्रे पांढरा, स्वच्छ भाग लागेपर्यंत काढले. प्रत्येक कांद्यानंतर तुम्ही सुरी स्पिरिटनं पुसत होता. मग लिटरभर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक, त्यात अर्धा तास कांदे, आणि नंतर जखमा कोरड्या होईपर्यंत सावलीत सुकवण. पानं जाळायची, शेणखतात टाकायची नाहीत. रोगाच्या बुरशीला रोखणारी ट्रायकोडर्मा नंतर घाल; तीही बुरशीच आहे, या औषधासोबत घातलीस तर मरेल, हेही बजावलंत.

लावताना तांबडी माती, जाड वाळू, चांगलं कुजलेलं खत घेतलं आणि कांद्याचा वरचा भाग मातीबाहेर ठेवला. पाणी कडेनं, तेही सकाळी, कारण ही बुरशी उडणाऱ्या थेंबांबरोबर पानोपानी जाते. आता कुंड्या पागोळ्यांपासून दूर, पत्र्याखाली आहेत. नवी पानं स्वच्छ आली आहेत आणि यंदा उन्हाळ्यात दोन कुंड्यांना दांडेही आले, सरळ, न वाकलेले.

अक्का, तुम्ही अरभावीच्या हॉर्टिकल्चर कॉलेजात शिकलात, मोठमोठ्या बागा सांभाळल्यात. माझ्या चार कुंड्यांसाठी भर पावसात परड्यात बसून तुम्ही एकेक कांदा हातात घेतलात. पैशाचा विषय काढला तर रागावलात. आता शेजारच्या काकू पानं घेऊन माझ्याकडं येतात, तेव्हा मी आधी नखाचा ओरखडा काढून दाखवते आणि तुमचं नाव सांगते.

कांद्यांना बाजूनं पिलं फुटली आहेत. ती तुमच्यासाठी वेगळी लावली आहेत. एक पावसाळा त्यांच्यावर डाग येत नाही हे बघेन आणि मगच घेऊन येईन.

तुमची,
टिळकवाडीतली कुंड्यावाली