निशाणा शिकवता, तर अंतर ओळखणंही शिकवा

मा. संपादक साहेब,
सादर नमस्कार.

तुमच्या पेपरात तिरंदाजी स्पर्धांच्या बातम्या येत राह्यतात, पोरापोरींचे मेडल घेतलेले फोटो येतात, पाहून छाती भरून येते. पण त्यात एक गोष्ट राहून जाऊन राहिली आणि ती कोणीच बोलत नाही, म्हणून हे पत्र लिहितो. आपण पोरांना नेम धरायला शिकवतो, अंतर ओळखायला शिकवत नाही. ग्राउंडवर चुन्याची रेघ मारलेली, समोर टार्गेट, अंतर आधीच मोजून ठेवलेलं. ऑलिंपिकची रिकर्व्ह, म्हणजे पुढं वळलेल्या टोकांचं धनुष्य, ७० मीटरवर, कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेलं यांत्रिक धनुष्य, ५० मीटरवर, आणि बांबू-लाकडाच्या धनुष्याचा आपला जो इंडियन राउंड आहे त्यातही अंतर ठरलेलंच. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला, फायनलला १५० पैकी १५०, तेव्हापासून इकडच्या पोरांना कंपाउंडचं वेड लागलं, आणि लागायलाच पाहिजे. पण कंपाउंड घ्यायला लाखाच्या घरात पैसे लागतात आणि धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या पोट्ट्यांच्या घरी आजाचा तीरकमठा खुंटीला टांगून आहे. त्या तीरकमठ्याची खरी विद्या अंतराची होती, कारण त्याला ना साईट, म्हणजे नेम धरायची खूण, ना आकडे, जे काही आहे ते डोळ्यात.

आधीच सांगून ठेवतो, मी शिकारीची बाजू घेऊन नाही राहिलो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली ते बरोबरच झालं आणि शाळेतल्या पोरांना मी पहिल्या दिवशी तेच सांगतो. अमेरिकेत हरणाच्या शिकारीला लायसन्स आहे, सिझन आहे, तिथले लोक कापडाच्या बंद तंबूत, त्याला ते ब्लाइंड म्हणतात, तासन्तास बसतात, आणि त्यातही जे साधं लाकडी धनुष्य घेऊन बसतात ते बहुतेक १५-२० मीटरच्या पलीकडे बाण सोडतच नाहीत, कारण जनावर जखमी होऊन पळालं तर ते पाप आपल्या डोक्यावर, असं तिथले चांगले शिकारीही मानतात. ती गोष्ट तिकडची, तिकडंच राहू द्या. पण बंद जागेत बसून अंतर कसं ओळखायचं हा जो भाग आहे तो आपल्या जागलीच्या माणसाला, माळ्यावर बसणाऱ्याला, पुरानपासून माहीत आहे आणि तो खेळ म्हणून जपता येते, तणसाच्या जनावराच्या पुतळ्यावर.

आता अंतर चुकलं तर काय होते ते पहा. बांबूच्या धनुष्याचा बाण सेकंदाला ४० ते ५० मीटर जाते, म्हणजे २० मीटर जायला जवळपास अर्धा सेकंद, आणि तेवढ्या वेळात तो खाली ओढल्या जाते. पोरानं २० मीटर समजून सोडला आणि टार्गेट निघालं २५ वर, तर बाण वीत-दीड वीत खाली लागते. वीतभर म्हणजे पुतळ्याच्या छातीचा नेम सरळ पायात. तेवढीच चूक कंपाउंडवाल्यानं केली तर त्याचा बाण फक्त तीन-चार बोटं खाली, कारण त्याचा बाण दुपटीनं जोरात जाते. म्हणून साध्या धनुष्यवाल्याला पाच मीटरची चूक परवडत नाही, नेम कितीही पक्का असला तरी.

आणि ही पाच मीटरची चूक उघड्यावर कमी होते, बंद जागेत जास्त होते. हे मी आमच्या पोरांवर पाहिलेलं आहे. जो पोरगा मैदानात उभा राहून बरोबर "अठरा" म्हणते, त्यालाच तट्ट्याच्या बंद झोपडीत बसवून खिडकीतून दाखवा, तो बारा तरी म्हणते नाहीतर पंचवीस तरी. कारण काय, तर आपला डोळा अंतर पायापासून मोजत जाते. पायाजवळची माती, मग ढेकळं, मग धुरा, मग झाड, अशी जमीन सरकत सरकत नजर पुढं जाते आणि डोक्यात हिशेब लागते. खिडकीनं पायाजवळची जमीनच कापून टाकली की हिशेबाची सुरुवातच गेली. त्यात पोरगा बसलेला, डोळा खाली आला, जमीन चपटी दिसते, मधातली नाली तर दिसतच नाही. उभ्या माणसाला डोकं इकडं तिकडं हलवता येते, जवळचं झाड जास्त सरकते आणि लांबचं कमी, त्यावरून समजते, पण आत बसलेल्याचं डोकं एका भोकाला चिकटलेलं. वरून आत अंधार आणि बाहेर कडक उन्ह. उन्हात चमकणारी वस्तू जवळ वाटते, झाडाच्या सावलीतली लांब वाटते, बोडीच्या पाण्यापलीकडची तर हमखास जवळ वाटते. सकाळी एक अंतर आणि दिवस बुडताना त्याच जागेचं दुसरं.

लोकांना वाटते की माळा उंच आहे म्हणून अंदाज चुकते. तसं नाही. बारा फूट उंच माळ्यावरून २० मीटरवरची वस्तू पाहिली तर तिरपं अंतर फक्त फूटभर जास्त भरते, त्यानं बाणाला काही फरक पडत नाही. उलट उंचावरून जमीन उघडून दिसते, धानाच्या बांध्या एकामागं एक मोजता येतात. खरी अडचण खिडकीची आहे, उंचीची नाही, आणि जमिनीवरच्या बंद झोपडीत ती सगळ्यात जास्त.

यावर उपाय आहे आणि तो फुकटचा आहे. आत बसायच्या आधी बाहेर फिरायचं. आपल्या चालीनं पावलं टाकत जायचं आणि दहा, पंधरा, वीस मीटरवर खुणा ठेवायच्या, चुना लावलेला दगड म्हणा, पळसाची फांदी म्हणा, नाहीतर आधीच तिथं असलेलं वारूळ, पऱ्हाटीचा ठूंठ, जे असेल ते ध्यानात ठेवायचं. पाऊल मात्र प्रत्येकाचं आपापलं टेपनं एकदा मोजून घ्यावं लागते, सहावीतल्या पोराचं पाऊल आणि मास्तरचं पाऊल एक नसते. अमेरिकेतले ते तंबूवाले लोकही हेच करतात, आणि आमच्या गावातले जागली तर रात्रीसाठी दिवसाच पाहून ठेवतात की मोहापर्यंत किती, धुऱ्यापर्यंत किती, बोडीच्या पाळीपर्यंत किती. मग आत बसल्यावर खिडकीच्या खालच्या काठाशी शक्य तेवढं जवळ डोळा नेऊन जवळून लांब अशी नजर सावकाश न्यायची, एकदम टार्गेटवर उडी नाही मारायची. खुणा नसतील तर टार्गेट आणि आपण यांच्या बरोबर मधातली जागा शोधायची, तिचं अंतर सांगायचं आणि दुप्पट करायचं, कारण दहा मीटरचा अंदाज कोणालाही येते, वीसचा येत नाही. नाहीतर स्वतःला विचारायचं, कमीत कमी किती असेल, जास्तीत जास्त किती असेल, आणि मधला आकडा धरायचा. हे रोज शाळेत येता-जाताही करता येते, विजेचा खांब पाहा, आकडा बोला, पावलं टाका. धनुष्य लागतच नाही.

एक बारीक गोष्ट अजून, जी शिकवणारे विसरतात. बाण डोळ्याच्या रेषेत नसते, तोंडाच्या कोपऱ्याजवळ ओढला तर तो डोळ्यापेक्षा चार-सहा बोटं खाली राह्यते. म्हणजे पोराला खिडकीतून टार्गेट पूर्ण दिसते, तो खुशाल सोडते, आणि बाण जाऊन खिडकीच्या खालच्या तट्ट्यात घुसते, फुटलं तर कपच्या उडतात. म्हणून बाण न लावता आधी बाणाच्या जागेवर डोळा ठेवून पाहायचं की तिथूनही रस्ता मोकळा आहे का. धनुष्याचं वरचं टोक छताला आणि खालचं जमिनीला लागते, म्हणून गुडघ्यावर बसून धनुष्य थोडं तिरपं धरायला शिकवावं लागते, आणि तिरपं धरलं की नेम बाजूला सरकते, त्याची वेगळी प्रॅक्टिस. हे सगळं मैदानातल्या रेघेवर उभं राहून शंभर वर्षांत कळणार नाही.

माझी मागणी काही नवीन नाही साहेब, जगात हा खेळ चालू आहे. फिल्ड आर्चरीच्या, म्हणजे रानावनात फिरून खेळायच्या तिरंदाजीच्या, वर्ल्ड चॅम्पियनशिप १९६९ पासून होऊन राहिल्या. त्यात पात्रता फेरीत एका दिवशी अशी टार्गेटं राह्यतात ज्यांचं अंतर सांगतच नाहीत, खेळाडूनं डोळ्यानं ओळखायचं, रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, वापरायला बंदी. थ्रीडी म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात जंगलात फोमची खोटी जनावरं ठेवतात, सगळीच अंतरं न सांगितलेली, साध्या लाकडी धनुष्याला जास्तीत जास्त ३० मीटर आणि कंपाउंडला ४५. साधं, साईट नसलेलं धनुष्य घेऊन खेळणाऱ्यांचा त्यात वेगळा गट आहे. हा गट आपल्या पोरांसाठीच केल्यासारखा आहे आणि आपल्या जिल्ह्यात त्याचं नावही कोणाला माहीत नाही!

म्हणून आश्रमशाळांच्या आणि तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांमध्ये एक प्रकार ठेवावा, बांबूचं धनुष्य, न सांगितलेलं अंतर, पाच ते तीस मीटरच्या आत, आणि त्यातली काही टार्गेटं बंद तट्ट्याच्या आत बसून. बाण मारायच्या आधी पोरानं अंतराचा आकडा कागदावर लिहून द्यायचा आणि त्या आकड्यालाही मार्क द्यायचे, म्हणजे ज्याचा हात अजून बसला नाही पण नजर पक्की आहे अशा पोरालाही कळेल की त्याला काही येते. टार्गेट म्हणून तणस भरलेला बारदाना चालते. जनावराचा आकार कोणाला खटकत असेल तर नुसतं पोतं ठेवा, अंतर तेवढंच राह्यते. मागं मातीची पाळ पाहिजे, समोर आणि बाजूला कोणी नको, एका वेळी एकच पोरगा आत आणि त्याच्याजवळ एक मोठा माणूस, शिटीशिवाय बाण ओढायचा नाही. यात सूट नको.

काही लोक म्हणतील की हे शिकारीचं ट्रेनिंग झालं. त्यांना माझं म्हणणं आहे की ज्या पोराला समजते आपला बाण किती अंतरावर किती खाली जाते, तोच पोरगा सोडू नये तेव्हा सोडत नाही. आणि अंतराची नजर फक्त बाणाला लागत नाही. वनखात्यातले लोक वाघ-बिबट्याला बेशुद्ध करताना बंदुकीचं प्रेशर अंतर पाहून लावतात, जास्त लागलं तर जनावराला इजा, कमी लागलं तर डार्ट, म्हणजे औषधाची सुई, मधातच पडते. २०२१ पासून आपल्या जिल्ह्यात रानटी हत्ती आले, धानाची जागल करणाऱ्या माणसाला अंधारात हत्ती पन्नास मीटरवर आहे की शंभरवर हे ओळखता आलं तर उतरून निघायला वेळ मिळते. याच गावांतली पोरं उद्या वनरक्षकाच्या भरतीला जातात, जागलीला तर आजही जातात.

दिवाळीनंतर धान कापणी झाली की बांध्या मोकळ्या होतात, तणस घरोघरी राह्यते, बांबू गावात आहे. खर्च म्हणाल तर एक मोजटेप आणि चुना. जिल्हा क्रीडा अधिकारी साहेबांनी आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या लोकांनी यंदाच्या स्पर्धेच्या पत्रकात हा प्रकार टाकावा, प्रदर्शनी म्हणून टाकला तरी चालेल, मार्कांचं टेबल आणि जागेची आखणी मी लिहून देतो आणि पंच म्हणून दिवसभर उभा राहतो. तुम्ही हे पत्र छापलं तर त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचेल.

आपला वाचक,
एक क्रीडाशिक्षक
ता. धानोरा, जि. गडचिरोली