'२०० मीटर' वाचून घड्याळ घेऊ नका

संपादक महोदय,

परवडणाऱ्या ऑटोमॅटिक डाइव्ह घड्याळांची, म्हणजे पाण्यात बुडी मारताना वापरायच्या घड्याळांची, तुलना बहुधा दोनच गोष्टींवर होते: तबकडीवर छापलेले '२०० मीटर' (पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता) आणि आतल्या मशीनचे नाव. या गटात मशीन ठरावीकच असतात. फरक सापडतो तो चावी (बाजूची फिरवायची गुंडी), बेझल (काचेभोवतीचे फिरते, मिनिटांच्या खुणांचे कडे) आणि केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात.

सेइको या जपानी कंपनीचेच उदाहरण घ्या. जुन्या एसकेएक्स००७ मधले ७एस२६ मशीन साधे होते. हाताने किल्ली देता येत नसे, चावी ओढल्यावर सेकंदकाटाही थांबत नसे. पण चावी आट्यांची (स्क्रूसारखी आवळून बंद होणारी), केस २०० मीटरची आणि आयएसओ ६४२५ या डायव्हर घड्याळांच्या मानकात बसणारी. २०१९ मध्ये त्याच चेहऱ्याची सेइको ५ स्पोर्ट्स मालिका आली. तिच्या ४आर३६ मध्ये दोन्ही सोयी आहेत. मात्र चावी नुसती दाबायची आणि क्षमता १०० मीटर. म्हणजे मशीन सुधारले, पण कवच आधीपेक्षा कमी प्रतीचे झाले. रोजच्या वापराला ते पुरेसे आहे, पण त्याला डायव्हर म्हणू नये.

आयएसओ ६४२५ च्या चाचणीत लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब देतात. २०० मीटरच्या घड्याळाला २५० मीटरचा. शिवाय घड्याळ तापवून काचेवर थंड पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटाभराने पुसतात. आतून धुके दिसले की घड्याळ बाद.

मशीनबद्दल थोडक्यात. अनेक कंपन्यांच्या घड्याळांत बसणाऱ्या सेइकोच्या एनएच३५ मशीनची दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद ही कंपनीचीच मर्यादा आहे, त्यामुळे 'रोज पंधरा सेकंद पुढे जाते' ही तक्रार टिकत नाही. मियोटा या दुसऱ्या जपानी मशीन-कंपनीच्या ८२१५ चा सेकंदकाटा मधूनच अडखळतो, तोही दोष नव्हे. मियोटा ९०१५ तासाला २८,८०० ठोके देते आणि जाडीला फक्त ३.९ मिमी आहे, एनएच३५ ५.३२ मिमी. पातळ घड्याळ हवे असेल तर हा आकडा कामाचा. मात्र ९०१५ चा रोटर (हात हलला की फिरून किल्ली भरणारे वजन) एकाच दिशेने किल्ली भरतो, उलट दिशेला मोकळा गरगरतो आणि शांत खोलीत ऐकू येतो.

दुकानात जास्त वेळ बेझलला द्या. ते डावीकडेच फिरले पाहिजे, कारण धक्का लागून सरकले तर पाण्यात काढलेला वेळ जास्त दिसावा, कमी कधीच नाही. बेझलवरचा त्रिकोण बारावर आणा, मग उजवीकडे हलकेच ढकला. १२० टिचक्यांच्या बेझलमध्ये एक टिचकी अर्ध्या मिनिटाची. त्याहून जास्त हलले तर दुसरा नग मागा. त्रिकोण, बाराची खूण आणि तबकडीभोवतीची मिनिटांची कडी एका रेषेत आहेत ना, हेही बघा. सेइकोच्या स्वस्त नगांत इथेच चूक सापडते, आणि कडी वाकडी बसली असेल तर घड्याळ उघडल्याशिवाय ती सरळ होत नाही.

आट्यांची चावी बंद करताना आधी उलटी फिरवावी, बारीक 'टक' जाणवले की मग सुलटी. थेट सुलटी आवळली की आटे एकमेकांवर चढतात, केसची नळी खराब होते आणि पाणी तिथूनच शिरते.

व्यासापेक्षा लगच्या (पट्टा अडकवायच्या केसच्या शिंगांच्या) टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. एसकेएक्स००७ चा व्यास ४२.५ मिमी, पण ही लांबी सुमारे ४६ मिमीच, म्हणून ते बारीक मनगटावरही बसते.

ते मॉडेल बंद झाल्याने आता वापरलेले नगच जास्त मिळतात, पुष्कळदा बदललेल्या काचेचे आणि बेझलचे. अशा नगाच्या तबकडीवरचे '२०० मीटर' धरू नये. रबरी सील बदलून, सिलिकॉन ग्रीस लावून आधी कोरडी दाब-चाचणी करून घ्यावी. तीत हवेचा दाब देऊन केस किती दबते ते मोजतात, त्यामुळे गळती असली तरी मशीनमध्ये पाणी जात नाही.

– एक वाचक