दाराचं भिंग कुणाच्या उंचीचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घराच्या सुरक्षिततेविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. कुलपं, अलार्म, कॅमेरे यांची माहिती त्यात सविस्तर आहे. दाराला बसवायच्या डिजिटल डोअर व्ह्यूअरचा, म्हणजे बाहेरचा माणूस आतल्या स्क्रीनवर दाखवणाऱ्या यंत्राचा, उल्लेख मात्र एका ओळीत आटोपला आहे. आमच्या घरी हे यंत्र गेले आठ महिने आहे. ते घेताना आणि बसवताना आम्ही चुकलो, त्या चुका इतरांच्या उपयोगी पडतील असं वाटलं, म्हणून हे पत्र.

माझी आई 79 वर्षांची आहे आणि दिवसभर घरी एकटी असते. मणक्याच्या झिजेमुळे ती वाकली आहे, पूर्वीपेक्षा चांगलीच बुटकी झाली आहे. आमच्या दाराचं भिंग सुतारानं स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीला बसवलेलं. तिथवर पोहोचायला आईला टाचा उंचवाव्या लागत आणि टाचा उंचवल्या की तिचा तोल जाई. शिवाय त्या इवल्याशा भोकाला डोळा लावायचा तर चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की तिला समोरचा चेहराच ओळखू येत नाही. तिनं भिंगातून बघणं कधीच सोडून दिलं होतं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. रोज घराबाहेर पडताना मी "आधी बघ, मग दार उघड" म्हणून बजावत होते आणि ती "हो गं" म्हणत होती.

एका दुपारी बेल वाजली. बाहेरून आवाज आला, "मीटर बघायचाय." आईनं दार उघडलं. तो माणूस मीटरकडे न बघता सरळ आत आला आणि घरात आणखी कोण आहे, हे विचारू लागला. आईला प्रसंगावधान सुचलं. आतल्या खोलीत मुलगा झोपलाय, असं तिनं सांगितलं आणि मुद्दाम मोठ्यानं हाक मारली. तो निघून गेला. घरातलं काही गेलं नाही. पण आईनं ही गोष्ट आम्हाला सांगितली ती दोन दिवसांनी, तीही रडत. मी विचारलं, भिंगातून का नाही बघितलंस? तेव्हा ती म्हणाली, "मला त्या भोकातून दिसतच नाही गं."

ते वाक्य अजून माझ्या कानांत आहे. सुरक्षेची वस्तू दाराला होती, पण ती वापरायची वेळ जिच्यावर येत होती तिच्यासाठी ती नव्हतीच.

डिजिटल डोअर व्ह्यूअरची रचना साधी आहे. भिंगाच्या भोकातच बाहेरून छोटा कॅमेरा बसतो, त्याची चपटी केबल दारातून आत येते आणि आतल्या बाजूच्या स्क्रीनला जोडली जाते. बटण दाबलं की बाहेरचं दृश्य काही सेकंद स्क्रीनवर दिसतं आणि मग स्क्रीन आपोआप बंद होते. बरीचशी यंत्रं पेन्सिल सेलवर किंवा चार्ज होणाऱ्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे भिंतीतून वायर आणावी लागत नाही. चष्मा लावून, दोन पावलं मागे उभं राहून, काठीचा आधार न सोडता बघता येतं. आणखी एक फायदा क्वचितच कुणी सांगतं. साध्या भिंगाला आपण डोळा लावला की त्यातून बाहेर दिसणारा उजेड झाकला जातो आणि आत कुणीतरी आलंय हे बाहेरच्याला कळतं. कॅमेऱ्याच्या बाबतीत तसं होत नाही. बाहेरून उलटी दुर्बीण लावून साध्या भिंगातून आत डोकावताही येतं. 2008 मध्ये अमेरिकेतल्या नॅशविल इथल्या एका हॉटेलात दाराच्या भिंगात फेरफार करून एका महिला पत्रकाराचं चोरून चित्रीकरण झालं होतं. 2016 मध्ये ज्युरीनं तिला साडेपाच कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. साधं भिंग ठेवणाऱ्यांनी निदान त्यावर आतून झाकण लावावं.

हे यंत्र घेण्याआधी त्याचा इतिहास वाचला आणि मन भरून आलं. मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी परिचारिका. तिच्या आणि तिच्या पतीच्या कामाच्या वेळा आडनिड्या, त्यामुळे ती पुष्कळदा घरी एकटी असे, आणि त्या भागात पोलीस लवकर पोहोचत नसत. दोघांनी मिळून 1966 मध्ये घराच्या सुरक्षा यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. 2 डिसेंबर 1969 रोजी ते पेटंट मंजूर झालं. त्यांच्या आराखड्यात दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं होती, आत वरखाली सरकणारा कॅमेरा होता, दुसऱ्या खोलीत चित्र दिसणारा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि दुरून दार उघडायचं बटणही होतं. उंच माणूस आणि लहान मूल दोघंही दिसावीत, हा विचार तेव्हाच झाला होता. आज दुकानात गेलं तर विक्रेता मेगापिक्सेल सांगतो, अॅप दाखवतो, पण घरात कोण वापरणार आहे हे विचारत नाही.

आम्हीही पहिल्यांदा तेच पाहून घेतलं आणि फसलो. पहिलं यंत्र आमच्या दाराच्या जाडीला पुरेना. प्रत्येक यंत्र ठरावीक जाडीच्या दारासाठी असतं आणि त्याला ठरावीक व्यासाचं भोक लागतं, साधारण 14 मिलिमीटर किंवा जास्त. आधी दार मोजा, मग यंत्र घ्या. दार आगरोधक असेल, तर त्याला हवं तसं ड्रिल मारू नका. त्यानं दाराची आग थोपवायची क्षमता कमी होऊ शकते, अशा दारांसाठी त्याच दर्जाचं साहित्य लागतं.

दुसरं यंत्र जुन्याच भोकात नीट बसलं. आईला बटण दाबायला सांगितलं, तर ती म्हणाली, "माणूस काळाठिक्कर दिसतोय." मला उभं राहून स्वच्छ दिसत होतं. मी गुडघ्यावर बसून तिच्या उंचीवरून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. स्वस्त यंत्रांत जी स्क्रीन असते ती समोरून चांगली दिसते, पण खालून पाहिलं की चित्र काळवंडतं, कधी फोटोच्या निगेटिव्हसारखं उलटं होतं. यंत्राच्या खोक्यावर हे कुठेच लिहिलेलं नसतं. आम्ही मग नवं भोक खाली, आईच्या डोळ्यांच्या पातळीला पाडलं. आता कॅमेरा खालून वर बघतो. उंच माणसाची हनुवटी जरा मोठी दिसते, पण चेहरा ओळखू येतो. जुनं भिंग परत त्याच्या भोकात बसवून, झाकण लावून ठेवलंय. सेल संपले तर आमच्यापैकी कुणालातरी त्यातून बघता येतं.

सेलवरून आठवलं. दारासमोरून कुणी गेलं की आपोआप फोटो काढायची सोय यंत्रात होती. शरीराच्या उष्णतेची हालचाल टिपणारा सेन्सर ते काम करतो. आमचं दार जिन्याला लागून आहे, दिवसभर माणसांची ये-जा. आठवड्यात सेल बसले. तो सेन्सर बंद केला आणि आता बटण दाबल्यावरच यंत्र जागं होतं. महिन्याच्या एक तारखेला मी सेल तपासते.

रात्रीसाठी यंत्रात इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे, दिवे असतात. चित्र काळं-पांढरं येतं. पण मुख्य दाराच्या बाहेर जाळीचं दार असेल, तर तो प्रकाश जाळीवरच आपटून परत येतो आणि स्क्रीनवर नुसता पांढरा धूर दिसतो. अशा घरांनी बाहेर साधा दिवा लावावा, इन्फ्रारेड बंद ठेवावा. माणसाच्या पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर दिवसाही फक्त सावली दिसते, तिथेही हा दिवाच कामी येतो. कॅमेऱ्याचा कोनही तपासून घ्या. चांगलं काचेचं भिंग 180 अंशांपर्यंत दाखवतं, आमचा कॅमेरा 120 अंशच दाखवतो. भिंतीला चिकटून बाजूला उभं राहिलेलं माणूस त्यात येत नाही. अमेरिकेच्या 2010 च्या अपंगांसाठीच्या बांधकाम निकषांत, ऐकू न येणाऱ्यांसाठी राखलेल्या घरांना दार न उघडता पाहुणा ओळखायची सोय आणि किमान 180 अंशांचं दृश्य सक्तीचं आहे. ज्याला "कोण आहे?" विचारून उत्तर ऐकू येणार नाही, त्याला निदान पूर्ण दिसलं पाहिजे. हा निकष मला फार माणुसकीचा वाटतो.

आता इंटरनेटचा मुद्दा. वायफायवरची यंत्रं दूरच्या फोनवर चित्र पाठवतात आणि बाहेर राहणाऱ्या मुलांना त्याचा धीर वाटतो, हे मला मान्य आहे. तरी आम्ही वायफाय नसलेलंच यंत्र ठेवलं. 2016 मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रॅमनं लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यासाठी त्यानं कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड वापरून पाहिले, इतकंच. ब्रिटननं 29 एप्रिल 2024 पासून सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देऊन अशी उपकरणं विकायला कायद्यानं बंदी केली. वायफायचं यंत्र घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पासवर्ड बदलावा आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे विकत घेण्याआधी विचारावं. ज्या घरात हे कुणी बघणार नाही, तिथे साधं यंत्र बरं.

आणि शेजाऱ्यांचाही विचार करा. आमच्या कॅमेऱ्यात समोरचं दार पूर्ण दिसतं. त्या घरातली मुलगी कधी येते, कधी जाते, हे साठवून ठेवायचा मला काय अधिकार? युरोपीय संघाच्या न्यायालयानं 11 डिसेंबर 2014 रोजी असा निर्णय दिला की, घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा सार्वजनिक जागेचं चित्रण साठवत असेल, तर ती निव्वळ घरगुती बाब राहत नाही. मी यंत्र बसवण्याआधी समोरच्या घरी गेले, स्क्रीन दाखवली, रेकॉर्डिंग बंद आहे हे सांगितलं. त्यांनी विचारायच्या आत सांगितलं याचं त्यांना बरं वाटलं.

यंत्रानं चेहरा दिसतो, हेतू दिसत नाही. गणवेश आणि गळ्यातलं ओळखपत्र कुणालाही मिळवता येतं. म्हणून आम्ही आईबरोबर काही गोष्टी ठरवून घेतल्या. ओळखीचा चेहरा नसेल तर दार बंद ठेवूनच बोलायचं, त्या कार्यालयाचा नंबर आपल्या वहीतून काढून फोन करायचा, बाहेरच्यानं दिलेला नंबर लावायचा नाही, आणि दार न उघडल्याबद्दल कुणी रागावलं तरी वाईट वाटून घ्यायचं नाही. यातलं शेवटचं तिला सर्वांत जड गेलं. दारात आलेल्याला ताटकळत ठेवणं तिच्या पिढीच्या स्वभावात नाही. हल्ली ती बटण दाबते, बघते आणि आतूनच म्हणते, "संध्याकाळी या, मुलगी घरी असेल."

आपल्या वृत्तपत्रानं या विषयावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. दाराची जाडी, भोकाचा व्यास, स्क्रीन खालून कशी दिसते आणि कॅमेऱ्याचा कोन, एवढ्या गोष्टी उत्पादकांनी खोक्यावर ठळक छापाव्यात, असंही आपण त्यांना सुचवावं. तोवर वाचकांनी घरातल्या सर्वांत कमी उंचीच्या माणसाला आज दारापाशी उभं करावं, आपण बाहेर जावं आणि बेल वाजवून किती बोटं दाखवतोय ते आतून सांगायला सांगावं.

आपली,
एक वाचक